जन्माला येण्यापूर्वी हे वाचा

पहिला सल्ला, आणि हा पाळलात तर पुढचं वाचायची गरजच नाही: जन्म १ ऑक्टोबर २०२३ च्या आधी घेऊ नका. जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यातली दुरुस्ती त्या दिवशी लागू झाली. तेव्हापासून जन्मलेल्या बाळाला शाळा, लायसन, मतदारयादी, सरकारी नोकरी, सगळीकडे जन्मदाखला हा एकच कागद दाखवला की झालं. त्याआधी जन्मून बसलेल्यांनी घाई केली, आता निस्तरा.

घाई केलेल्यांपैकी एक आमचा मामा. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, कोयनेचा भूकंप झाला तीच, पाटण तालुक्यातली एक वाडी. आजीला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं होतं, कारण घरात थांबायची कुणाची छाती नव्हती. तिथेच मामा झाला. इतक्या ठसठशीत तारखेला जन्मलेला दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्यक्ष धरणी साक्षीला होती. पण धरणीची सही चालत नाही, नोंद लागते. गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या वहीत, ती करायची पाटलानं, आणि पाटलाच्या घराचा सोपा त्याच पहाटे खाली आलेला. आता त्यानं ढिगाऱ्यातून आधी दप्तर काढावं की म्हैस? म्हैस काढली. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं.

तेव्हा जन्मायचंच असेल तर पाटलाला सवड असेल असा दिवस बघा.

नोंद सापडली नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. नोंद नसल्याचाही दाखला मिळतो, त्याला अनुपलब्धता प्रमाणपत्र म्हणतात. अर्ज करायचा, ते रजिस्टर चाळतात, काही आढळलं नाही की तसं लिहून गोल शिक्का मारून देतात. फक्त अर्जात एक रकाना असतो, जन्मतारखेचा. तो कोरा सोडू नका. तारीखच दिली नाहीत, तर ती कुठल्या पानावर नाही हे त्यांनी शोधायचं कसं?

मग पुरावा गोळा करा. या कामी आईला मुळीच नेऊ नका. तुमच्या जन्माच्या वेळी ती जागेवर हजर होती हे खरं, पण खिडकीपाशी त्याचं वजन शून्य. जो माणूस तेव्हा तिथे नव्हता, ज्यानं पुढची पाच-सहा वर्षं तुमचं तोंडही पाहिलं नाही, त्याचा कागद न्या. म्हणजे शाळेच्या मास्तरांचा.

१९७३ चा जून. बहात्तरच्या दुष्काळानं सगळी वाडी खडी फोडायला गेलेली, पोराकडे बघायला घरी कुणी नाही, म्हणून आजीनं मामाला थोरल्या मावशीबरोबर शाळेत धाडला. मास्तरांनी त्याला टेबलासमोर उभा केला आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगितला. कान हाती लागला की मूल सहा वर्षांचं, ही तेव्हाची वैद्यकीय तपासणी. मामाची बोटं पुरेनात. त्यानं हळूच मान वाकडी केली. कानाची पाळी चिमटीत आली आणि मास्तरांनी जनरल रजिस्टरात लिहिलं, १ जून १९६७. भूकंप झाला तेव्हा मामा सहा महिन्यांचा असून अंगणात पालथा पडत होता, हे असं सिद्ध झालं.

एक जूनवाल्यांनी वाईट वाटून घेऊ नये. तुमचा गोतावळा केवढा! महिन्याच्या पहिल्या तारखेला जन्मलेला सरकारी नोकर आदल्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून दरसाल ३१ मे ला कचेरीकचेरीत शाली आणि नारळ कमी पडतात. मामा कारकून होता. अठ्ठावन्न भरली म्हणून ३१ मे २०२५ ला त्याला नारळ मिळाला. खऱ्या तारखेनं तो डिसेंबरअखेर मिळाला असता. मान वाकडी केल्याचा दंड, सात महिन्यांचा पगार.

सेवापुस्तकातली तारीख बदलता येते की, असं कुणीतरी म्हणेल. येते. राज्याच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमांत तशी सोय आहे. मात्र नोकरीला लागल्यापासून पाच वर्षांच्या आत आपण चुकीच्या दिवशी जन्मलोय हे ध्यानात यायला हवं. मामाच्या ध्यानात यायला तीस वर्षं लागली. यात त्याचीच चूक.

आणि उगाच वर ओळख लावू नका. जनरल व्ही. के. सिंग यांच्या एका कागदावर १० मे १९५० आणि दुसऱ्यावर १० मे १९५१ होतं. लष्करप्रमुख असताना ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये अर्ज मागे घेऊन परतले. तुमच्या पदरी तर फौजही नाही.

हाडांची तपासणी करून घ्यावी असं वाटत असेल तर जरूर घ्या. मनगट, कोपर, खांदा यांचे एक्स-रे काढतात आणि वय सांगतात, दोन वर्षं इकडे किंवा तिकडे. मामाला हवे होते सहा महिने. शिवाय पन्नाशीनंतर हाडं वय सांगत नाहीत, फक्त पाऊस येणार का ते सांगतात.

राहिलं आधार. त्यावर तारीख छापलेली असते, पण तो तारखेचा आधार नव्हे, हे ते देणाऱ्या प्राधिकरणानंच २०२३ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं आहे. कार्ड तुमचं, तारीख तुमचीच सांगितलेली, म्हणून विश्वास कुणी ठेवायचा नाही. रीतसर आहे.

पगार गेला तो गेला, निदान दाखल्यावर तरी खरी तारीख यावी, असं मामानं निवृत्तीनंतर मनावर घेतलं. वर्षाच्या वर उशीर झालेल्या नोंदीला जिल्हाधिकारी, उपविभागीय अधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. त्यासाठी प्रतिज्ञापत्र हवं, म्हणून त्यानं माझा सल्ला न ऐकता आईला नेलंच. आजी ऐंशीच्या पुढची. आधारच्या शिबिरात पोरानं तिच्याकडे बघून "पंचावन्न लिहू का?" विचारलं होतं, आणि इतकं कमी कुणी पहिल्यांदाच म्हणतंय म्हणून ती खूश होऊन हो म्हणाली होती. कार्डावर ०१/०१/१९५६.

खिडकीतल्या बाईंनी बोटांवर हिशेब केला.

"आजी, मुलगा झाला तेव्हा तुम्ही अकरा वर्षांच्या."

"व्हय?"

"आणि थोरली मुलगी त्याच्याही आधीची. असं कसं चालेल? आधी तुमच्या वयाचा पुरावा आणा."

आजीनं पदर सावरला, पिशवी मामाच्या हातात दिली, उजवा हात डोक्यावरून नेला आणि मान जराही न वाकवता डावा कान घट्ट धरला.

"बघ बाई, पुरतोय. लिव आता."