आयर्लंडमधलं बंद घर भाड्याने द्यायचंय? आधी कौन्सिलची मंजुरी, मग घणाचा पहिला घाव

आयर्लंडमधल्या आपल्या मंडळींपैकी बरेच जण जुनं बंद घर घेऊन, दुरुस्त करून भाड्याने द्यायचा विचार करताहेत. त्यांच्यासाठी ही मोठी पोस्ट. व्हेकंट प्रॉपर्टी रिफर्बिशमेंट ग्रँट, म्हणजे रिकामं घर दुरुस्त करायला मिळणारं सरकारी अनुदान, ही चांगली योजना आहे आणि घरमालकांनी ती जरूर घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. पण पैसे सगळं काम झाल्यावर हातात येतात, आणि हे बदलायलाच हवं.

2022 च्या जनगणनेच्या रात्री या देशात सुट्टीची घरं वगळून 1,66,752 घरं रिकामी होती. त्यातली 48 हजारांहून जास्त 2016 च्या जनगणनेतही रिकामीच होती. एकीकडे भाड्याच्या एका खोलीसाठी माणसं वणवण फिरताहेत आणि दुसरीकडे गावाच्या मुख्य रस्त्यावर घरं ओलीने सडताहेत. हे बघवत नाही.

योजना सुरू झाली 2022 मध्ये. मे 2023 पासून रक्कम वाढली आणि भाड्याने द्यायच्या घरांनाही दार उघडलं. घर 2007 पर्यंत बांधलेलं आणि किमान दोन वर्षं रिकामं हवं. अनुदान 50,000 युरोपर्यंत. घर मोडकळीला आलेलं असेल तर आणखी 20,000, मात्र त्यासाठी ते कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) डेरेलिक्ट साइट्स रजिस्टरवर, म्हणजे पडीक मालमत्तांच्या यादीत तरी हवं, नाहीतर बांधकाम धोकादायक असल्याचा स्वतंत्र तज्ज्ञाचा अहवाल तरी. एका माणसाला जास्तीत जास्त दोन अनुदानं: एक राहत्या घरासाठी, एक भाड्याच्या घरासाठी. खरेदीची बोलणी चालू असतानाही पुराव्यासह अर्ज करता येतो.

आता क्रम. आधी लगीन मंजुरीचं! मंजुरीपत्र येण्याआधी केलेल्या कामाला पैसे मिळत नाहीत. हौसेने जुना गिलावा खरवडून ठेवलात तर तो खर्च तुमच्या खिशातून. प्रत्येक कौन्सिलमध्ये रिकाम्या घरांसाठी व्हेकंट होम्स ऑफिसर असतो, पहिला फोन त्याला करा. घर रिकामं होतं हे सिद्ध करायला विजेची बिलं लागतात, वापर जवळजवळ शून्य दिसला पाहिजे. इथे एक मेख आहे. वीज दोन वर्षांहून जास्त तोडलेली असेल तर रिकामेपणाचा पुरावा भक्कम होतो, पण ईएसबी नेटवर्क्सकडे (वीज जोडणी देणाऱ्या कंपनीकडे) नवीन जोडणीसारखा अर्ज करावा लागतो आणि त्यात आठवडे जातात. तेव्हा एमपीआरएन, म्हणजे घराच्या वीजजोडणीचा नंबर शोधून त्या अर्जाचं वेळापत्रक बिल्डर ठरवण्याआधीच समजून घ्या.

कोटेशन ‘संपूर्ण दुरुस्ती, एकरकमी’ असं एका ओळीचं घेऊ नका. तोडफोड, पाया आणि ओल, छप्पर, खिडक्या-दारं, वायरिंग, प्लंबिंग, गिलावा, स्वयंपाकघर अशा बाबी सुट्या आणि प्रत्येकीपुढे रक्कम हवी. कौन्सिल बाबवार बघतं, आणि मोघम कोटेशन परत येतं. घर 2000 च्या आधीचं असेल तर छपराच्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याची तपासणी तोडफोडीआधी करून घ्या, कारण मध्येच सापडलं तर काम थांबतं आणि विल्हेवाटीचा खर्च कोटेशनमध्ये नसतो.

सगळ्यात जास्त पैसा वाया जातो तो ओलीवर. जुन्या दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्या ओल शोषतात आणि हवेला सोडतात. अशा भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि आतून फॉइलचं इन्सुलेशन लावलं की पाणी मध्येच कोंडतं. रंगकाम झाल्यावर घर देखणं दिसतं, आणि पुढच्या हिवाळ्यात कोपऱ्याकोपऱ्यात काळी बुरशी. म्हणून आधी छप्पर आणि पन्हळी, मग भिंतीलगत चढलेली माती खाली उतरवणं, मग घर सुकू देणं, आणि त्यानंतरच चुन्याचा गिलावा. तुळयांमधली ओल मीटरने मोजा. 20 टक्क्यांच्या वर असेल तर लाकूड झाकू नका, ड्राय रॉट (लाकूड कुजवणारी बुरशी) तिथेच पोसला जातो. बिल्डर घाई करेल, तुम्ही करू नका.

आता हिशेब. 80,000 युरोचं काम, त्यावर 13.5 टक्के व्हॅट धरून 90,800. अनुदान 50,000 धरलं तरी ते काम पूर्ण झाल्यावर आणि कौन्सिलच्या अंतिम पाहणीनंतर येणार. म्हणजे तुमचा वाटा 40,800 असला तरी 90,800 उभे करण्याची सोय आधी हवी. ती नसेल तर अर्ध्यात अडकलेलं घर घेऊन बसावं लागतं. टप्प्यांनी रक्कम मिळेल का, हे अर्जाच्या वेळीच लेखी विचारा.

भाड्याच्या घराला 2019 चे निकष लागू आहेत: चार बर्नरची शेगडी, ओव्हन, ग्रिल, धूर बाहेर नेणारा पंखा, फ्रिज-फ्रीझर, मायक्रोवेव्ह, वॉशिंग मशीन. बाहेरच्या जमिनीपासून 1400 मिलिमीटरच्या वर उघडणाऱ्या खिडकीतून कुणी पडण्याची शक्यता असेल, तर तिला सुरक्षा-अटकाव लागतो. भाडेकरार आरटीबीकडे (भाडेकरारांची नोंदणी करणाऱ्या सरकारी मंडळाकडे) नोंदवा. आणि पाच वर्षांच्या आत घर विकलं तर पूर्ण रक्कम परत, पाच ते दहा वर्षांत 75 टक्के. कौन्सिलचा बोजा घरावर चढतो, त्यामुळे यातून सुटका नाही. लवकर विकायचा विचार असेल तर ही योजना तुमच्यासाठी नाही.

घर सहा महिने रिकामं होतं तर भाडं सुरू होण्याआधीचा 10,000 युरोपर्यंतचा खर्च भाड्याच्या उत्पन्नातून वजा होतो, पण अनुदानातून भरलेला खर्च त्यात धरू नका. उलट घर वर्षात 30 दिवससुद्धा वापरलं नाही तर व्हेकंट होम्स टॅक्स लागू शकतो, आणि नोव्हेंबर 2024 पासून तो लोकल प्रॉपर्टी टॅक्सच्या (घरावरच्या वार्षिक कराच्या) मूळ रकमेच्या सातपट आहे.

दंड इतका कडक ठेवता येतो, तर मदतही वेळेवर देता येईल. कौन्सिलची पाहणी कामाआधी आणि शेवटी होतेच. छप्पर झाल्यावर एक आणि भिंती झाकण्याआधी वायरिंग-प्लंबिंग बघायला एक, अशा दोन पाहण्या वाढवून त्या त्या वेळी हप्ता सोडायला काय हरकत आहे? भिंतीआडचं चुकीचं कामही तेव्हाच सापडेल. आपल्या भागातल्या कौन्सिलरला आणि टीडीला (इथल्या खासदाराला) ईमेल लिहून नेमके हे दोन टप्पे मागा.