आठाच्या पाढ्यात बारा

आमची सोसायटी बाणेरच्या टेकडीच्या उतारावर आहे. फाटक तळाशी, आठवी इमारत माथ्यावर आणि ‘वर हवा चांगली येते’ म्हणून ज्येष्ठ नागरिकांनी नेमकी माथ्यावरचीच घरे घेतलेली, अशी तिची रचना आहे. पहिल्या काही वर्षांत हवा खाऊन झाल्यावर गुडघ्यांनी आपले म्हणणे मांडले आणि सर्वसाधारण सभेने एक जुनी विजेवर चालणारी गोल्फ कार्ट विकत घेण्याचा ठराव संमत केला. मी खजिनदार असल्यामुळे आणि खजिनदाराला हिशेब येतो म्हणजे वीजही समजते, असा सभासदांचा समज असल्यामुळे गाडीची देखभाल ओघाने माझ्याकडे आली.

गाडी 48 व्होल्टची होती. सीट उचलली की खाली 8 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या ओळीने मांडलेल्या दिसत. ‘एकसर जोडणी’ (एकापुढे एक जोडलेल्या बॅटऱ्यांच्या व्होल्टची बेरीज होते, ती) नावाची जी गोष्ट शाळेत शिकवतात आणि परीक्षेत गुण मिळाल्याबरोबर विसरायची असते असे मी धरून चाललो होतो, ती तिथे लाल-काळ्या केबलींच्या रूपाने माझी वाट पाहत होती. गाडी मुकाट्याने चढ चढत असे, परंतु मुकाट्याने चालणारी वस्तू आमच्या सभासदांना फार काळ सहन होत नाही. भटकी कुत्री आणि सायकलवरची मुले बाजूला होण्यासाठी हॉर्न, संध्याकाळसाठी दोन दिवे, चालकासाठी पंखा, मोबाइलसाठी चार्जर आणि पुढे गणेशोत्सव येणार म्हणून आरतीपुरता एक लहान स्पीकर, अशा मागण्या एका आठवड्यात आल्या. मोटारींसाठी आणि दुचाकींसाठी बनलेल्या या सगळ्या वस्तू 12 व्होल्टवर चालतात, हे मला त्या विकत आणल्यानंतर समजले.

रिक्षांच्या वायरिंगमध्ये आयुष्य घालवलेले एक मिस्त्री आले आणि त्यांनी सीटखाली नजर टाकून मला निश्चिंत केले. “साहेब, अठ्ठेचाळीसमधून बारा काढायला काय लागतंय? मधूनच वायर घेऊ.” अडचण एवढीच निघाली, की आठाच्या पाढ्यात बारा येत नाहीत. एका बॅटरीवर हॉर्न कण्हत होता. दोन बॅटऱ्यांवर, म्हणजे 16 व्होल्टवर (पूर्ण भरलेल्या असताना सतराच्या जवळ), पंखा असा काही फिरू लागला की चालकाने टोपी काढून मांडीखाली ठेवली, आणि तिसऱ्या दिवशी एक दिवा गेला. मोबाइलचा चार्जर तेवढा शांतपणे चालला, कारण तसले चार्जर 24 व्होल्टही सोसतील असे बनवलेले असतात. पण त्याच्या या सहनशीलतेचा पुरावा देऊन मिस्त्रींनी आपली जोडणी योग्य असल्याचे सिद्ध केले. अखेर त्यांनी मध्ये एक छोटी पेटी बसवून सोळाचे बारा करून दिले. सर्व काही चालू झाले. मला शाल आणि श्रीफळ मिळाले नाही, इतकेच.

दीड महिन्यानंतर गाडी पाचव्या इमारतीपाशी दमू लागली. मी हायड्रोमीटर आणून प्रत्येक सेलमधल्या आम्लाची घनता पाहिली; बॅटरी जितकी भरलेली, तितकी ती जास्त. चार बॅटऱ्यांत काटा 1.260 च्या वर होता, आणि ज्या दोन बॅटऱ्यांच्या जिवावर हॉर्नपासून आरतीपर्यंत सर्व व्यवहार चालले होते, त्यांच्यात तो कसाबसा 1.180 दाखवत होता. याचे कारण समजून घेण्यासाठी मला कोणताही ग्रंथ उघडावा लागला नाही, कारण मी सोसायटीच्या कार्यकारिणीत आहे. कार्यकारिणीत नऊ सभासद असतात, त्यांपैकी दोघे कामे करतात आणि वार्षिक सभेत आभार मात्र नऊ जणांचे सारखे मानले जातात. बॅटऱ्यांचेही तेच झाले होते. चार्जर सहांना एकाच माळेत, एकसारखाच करंट देतो आणि पाहतो तो सगळ्यांचा मिळून व्होल्टेज. बेरीज भरली की तो कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने बंद होतो. राबणाऱ्या दोघी रोज थोड्या उपाशी राहतात, त्यांच्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरतो, आणि बसून राहिलेल्या चौघी गरजेपेक्षा जास्त खाऊन आपले पाणी उडवत बसतात. त्या चौघींना डिस्टिल्ड वॉटर मी घालत होतो, हे विशेष.

तपासणीत आणखी एक गोष्ट उजेडात आली, आणि ती अक्षरशः उजेडातच आली. रिक्षाच्या सवयीप्रमाणे मिस्त्रींनी हॉर्नला एकच वायर देऊन परतीचा मार्ग गाडीच्या सांगाड्यातून काढला होता. मोटारीत ते चालते. गोल्फ कार्टमध्ये बॅटऱ्यांचा संच सांगाड्यापासून अलग ठेवलेला असतो, याचा अर्थ माझा पाना शेवटच्या टर्मिनलला आणि सांगाड्याला एकाच वेळी टेकला तेव्हा मला कळला. पान्याला एक दात कमी झाला. त्या दिवसापासून सीट उचलण्यापूर्वी मी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवतो. घरात त्याचा वेगळा अर्थ लावला गेला, पण तो विषय इथला नाही.

यावरचा खरा उपाय तपकीर गल्लीत मिळाला. कन्व्हर्टर, म्हणजे अठ्ठेचाळीसचे सरळ बारा करणारी पेटी, मागितल्यावर दुकानदाराने वर न पाहता विचारले, “आत किती, बाहेर किती?” मी अभिमानाने “अठ्ठेचाळीस” म्हणालो. “भरलेली असताना किती? चार्जिंगला लावल्यावर किती?” पूर्ण भरलेला संच 51 व्होल्टच्या आसपास असतो आणि चार्जिंग चालू असताना साठापर्यंत जातो, हे त्याने मला ज्या सुरात सांगितले तो सूर गणिताच्या शिक्षकांनंतर मी प्रथमच ऐकला. शेवटी 36 ते 72 व्होल्ट सोसणारा, 12 व्होल्टला 20 अँपिअर देणारा आणि आतबाहेरचा संबंध विजेच्या दृष्टीने तोडलेला कन्व्हर्टर घेऊन मी परतलो. तो सहाही बॅटऱ्यांच्या दोन टोकांना जोडला, बॅटरीलगत फ्यूज घातला, प्रत्येक वस्तूला दोन-दोन वायरी दिल्या आणि चावी काढली की कन्व्हर्टर बंद व्हावा म्हणून मध्ये रिले, म्हणजे चावीच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, टाकला. पूर्वी सुमारे दीडशे वॉटसाठी दोन बॅटऱ्यांना साडेनऊ अँपिअर द्यावे लागत होते. आता सहाही जणींतून तीन-साडेतीन अँपिअर जातात आणि कुणाची तक्रार नाही.

थकलेल्या दोन बॅटऱ्यांचा प्रश्न उरला. जुन्यांत दोनच नव्या घातल्या तर नव्याही लवकर जुन्या होतात, म्हणून विक्रेत्याने सहाही बदलायला सांगितल्या. सभेने दोन मंजूर केल्या. मी एकही न घेता त्या दोघींना वेगळ्या चार्जरवर सावकाश भरले, आणि त्या पूर्ण नव्हे, पण बऱ्यापैकी सावरल्या.

गाडी आता आठव्या इमारतीपर्यंत जाते. चढावर मोटर सहज शंभर अँपिअर ओढते, त्यापुढे पंखा आणि दिवे म्हणजे काहीच नाही, हे मी सूचनाफलकावर आकड्यांसह लिहून लावले होते. परंतु त्या दीड महिन्याची दहशत कायम आहे. विसर्जनाच्या दिवशी सोसायटीचा गणपती गाडीतून वर-खाली फिरवताना पाचवी इमारत आली, तशा माथ्यावरच्या काकू ओरडल्या, “अहो दादा, चढ आला, बंद करा सगळं!” चालकाने दिवे, पंखा आणि स्पीकर एका हाताने बंद केले. मागून चालणाऱ्या मंडळींनी टाळ्याही थांबवल्या. अंधारात, श्वास रोखून, बाप्पांसह आम्ही तो चढ चढलो, आणि आठव्या इमारतीच्या दारात दिवे लागल्यावर आरती सोडलेल्या ओळीपासून पुढे सुरू झाली.