बिबट्या ‘आला’ नाही, तो इथलाच आहे

‘जंगल तुटलं म्हणून बिबटे गावात आले’ हे बिबट्यांवरच्या तुमच्या लेखातलं वाक्य आमच्या जुन्नरला लागू पडत नाही. इथले कित्येक बिबटे उसातच जन्मलेत. गेल्या तोडणीला आमच्या फडात दोन बछडे सापडले. वनखात्याच्या लोकांनी ते क्रेटमध्ये घालून त्याच बांधावर ठेवले. रात्रीत मादी आली आणि एकेक करून घेऊन गेली. कुठे? शेजारच्या उसात!

आणि त्याच लेखात बिबटे ‘पकडून लांब सोडा’ म्हणता, तर २००१ ते २००३ मध्ये इथे तेच केलं होतं. माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले. त्यापेक्षा शेतीला दिवसा वीज द्या. रात्री दोनला वडील शेतातली पाण्याची मोटार चालू करायला निघतात, तेव्हा घरात कुणाचाच डोळा लागत नाही.