दप्तर

मराठीत 'दप्तर' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक म्हणजे सरकारी कागदपत्रांचा साठा. दुसरा म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोराच्या पाठीवरची पिशवी. साम्राज्यं आणि भाषा यांविषयी मी गेली काही वर्षं सवडीनं वाचतेय, आणि माझं मत आता पक्कं झालंय की जिंकलेल्या लोकांच्या भाषेचं काय होणार हे रणांगणावर ठरत नाही. ते या दोन दप्तरांत ठरतं. आधी पहिल्यात, मग दुसऱ्यात.

या शब्दाचा स्वतःचा प्रवासच बघा. ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत असत. (घशात कातड्यासारखा पडदा धरतो म्हणून घटसर्पाला डिफ्थेरिया हे नाव पडलं, तेही याच शब्दावरून.) तो शब्द पश्चिम आशियातल्या भाषांमधून फारशीत आणि अरबीत गेला, 'दफ्तर' झाला, फारशी कारभाराबरोबर इकडे आला आणि आपल्या तोंडी 'दप्तर' होऊन बसला. एवढ्या प्रवासात किती राज्यं उठली आणि बुडाली! शब्द मात्र चालत राहिला, कारण राज्य कुणाचंही असलं तरी हिशेब लिहावाच लागतो.

आता एक साधं वाक्य घ्या. 'त्यानं वकिलामार्फत कोर्टात फिर्याद दाखल केली.' वकील अरबी. मार्फत अरबी. फिर्याद फारशी. दाखल पुन्हा अरबी. कोर्ट इंग्रजीतून आलं, इंग्रजीत ते फ्रेंचमधून आलं होतं आणि त्याच्याही मागे लॅटिन उभी आहे. मराठीचे म्हणावेत असे शब्द उरले दोन, 'त्यानं' आणि 'केली'. तरी हे वाक्य फारशी नाही, अरबी नाही, इंग्रजी नाही. कोर्टाला लागलेला 'त' मराठी आहे, वकिलाचं सामान्यरूप मराठी आहे, फिर्याद स्त्रीलिंगी म्हणून 'केली' म्हणायचं हा नियम मराठी आहे. पाहुणे घरभर बसलेत, पण घर कुणाचं याबद्दल शंका नाही.

आणि पाहुणे कुठल्या खोलीपर्यंत आले हेही दिसतं. हुकूम, जप्ती, जामीन, शिपाई, जमीन, महसूल या शब्दांतून राज्यकर्ता बोलतो. आई, हात, पाणी, भूक, झोप, रडणं या शब्दांपर्यंत तो पोचलाच नाही. जेत्याचा हात कचेरीपर्यंत पोचला, पाळण्यापर्यंत नाही. इंग्रजीतही हेच झालं. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं तिथल्या दरबारात, न्यायालयांत फ्रेंचचं राज्य होतं. म्हणून जज, कोर्ट, क्राइम, प्रिझन हे शब्द फ्रेंचमधून आलेले, आणि मदर, हँड, वॉटर, स्लीप हे जुन्या इंग्रजीचे. 1362 साली तिथं कायदा झाला की खटले इंग्रजीत चालवावेत, कारण लोकांना फ्रेंच कळत नाही. तो कायदा लिहिला होता फ्रेंचमध्ये! न्यायालयीन नोंदींमधून लॅटिन आणि ती जुनी फ्रेंच पुरती जायला तर अठरावं शतक उजाडलं. राजे बदलणं सोपं असतं, दप्तराची सवय मोडणं महाकठीण.

आपल्याला जी भाषा जेत्यांची म्हणून माहीत आहे ती एकेकाळी स्वतः जितांची होती, हे मला सगळ्यात जास्त हलवून गेलं. मागे ती जितांची होती हे आपण पार विसरून जातो.

फारशीचंच घ्या. सातव्या शतकात अरबांनी इराणचं सासानी साम्राज्य संपवलं. पण नंतरची कित्येक दशकं इराकमधल्या महसुलाचे हिशेब फारशीतच लिहिले जात होते, कारण ते काम येत होतं फारशी कारकुनांना. इ.स. 700 च्या सुमारास, खलिफा अब्दुल मलिकच्या काळात, इराकचा सुभेदार हज्जाज यानं दप्तर अरबीत न्यायचं ठरवलं. काम दिलं सालिह नावाच्या कारकुनाला. सालिह अरब नव्हता. त्याचा बाप इराणच्या पूर्वेकडच्या सिजिस्तान प्रांतातून कैदी म्हणून आणलेला. नवव्या शतकातला इतिहासकार बलाझुरी यानं पुढचा प्रसंग लिहून ठेवलाय. जुन्या फारशी कारकुनाच्या मुलानं सालिहला विचारलं, दहाव्या आणि विसाव्या हिश्शाला आमच्याकडे जे शब्द आहेत त्यांचं काय करशील? सालिह म्हणाला, अरबीत दहावा आणि अर्धा-दहावा असं लिहीन. मग आणखी एका हिशेबी शब्दाचं, वर जे उरतं त्याचं काय? त्याला 'शिवाय' असं लिहीन. तेव्हा तो मुलगा म्हणाला, तू जसं फारशीचं मूळ तोडलंस तसं देव तुझं मूळ या जगातून तोडो. हे काम जमत नाही असं सालिहनं सांगावं म्हणून फारशी लोकांनी त्याला एक लाख दिरहम देऊ केले होते. त्यानं घेतले नाहीत.

हे वाचून मी बराच वेळ थांबले. तिथं ना घोडदळ आहे, ना जाळपोळ. दोन माणसं अपूर्णांकांबद्दल बोलतायत. पण त्या शाप देणाऱ्या मुलाला नेमकं कळलं होतं की लढाई हरल्यावर जे उरलं होतं ते आत्ता, या शब्दाशब्दाच्या भाषांतरात जातंय. आणि ते करणारा हात कैद्याच्या मुलाचा. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. साम्राज्यात वर चढायचं असेल तर शिडी एकच असते आणि ती जेत्याच्या भाषेत असते.

फारशी मेली नाही. तिनं अरबी लिपी घेतली, हजारो अरबी शब्द घेतले आणि नव्या रूपात उभी राहिली. फिर्दौसीनं 1010 च्या आसपास शाहनामा पुरा केला तेव्हा ती पुन्हा राजांची भाषा झाली होती. मग तुर्क आले, मंगोल आले, आणि जिंकून त्यांनी कारभार फारशीत चालवला. बाबरानं आपलं आत्मचरित्र चगताई तुर्कीत लिहिलं. त्याच्या नातवाच्या, अकबराच्या काळात मुघलांचं सगळं दप्तर फारशीत होतं. एकदा दप्तरातून हाकलली गेलेली भाषा आठ-नऊशे वर्षांनी दुसऱ्यांच्या देशात दप्तराची मालकीण झाली. पुढे 1837 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीनं तिला इथल्या न्यायालयांतून आणि महसुलातून काढलं.

जिंकणारा भाषा लादतोच असंही नाही. फ्रँक या जर्मानिक टोळीनं गॉल, म्हणजे आजचं फ्रान्स, जिंकलं, देशाला आपलं नाव दिलं, आणि बोलू लागली लॅटिनची लेक, फ्रेंच. ईशान्येकडून आलेल्या मांचू लोकांनी 1644 ते 1912 चीनवर राज्य केलं, आणि आज मांचू मायबोली असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मूठभर जेते दुसऱ्यांच्या दप्तरावर राज्य चालवायला लागले की त्यांचीच मुलं त्या दप्तरात विरघळतात.

हे झालं पहिलं दप्तर. त्यातून भाषेत शब्द येतात, थर साचतात, कधी लिपी बदलते. भाषा बहुधा तगते. दुसऱ्या दप्तराचं तसं नाही.

एकोणिसाव्या शतकात वेल्समधल्या बऱ्याच शाळांत एक लाकडाचा तुकडा असे. त्यावर दोन अक्षरं कोरलेली. वर्गात वेल्श बोललेल्या मुलाच्या गळ्यात तो अडकवायचा. त्यानं कान देऊन बसायचं आणि दुसरं कुणी वेल्श बोललं की ते मास्तरांना सांगायचं, मग तुकडा त्या दुसऱ्याच्या गळ्यात. दिवस संपताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छडी. फ्रान्सच्या ब्रेटन भागातल्या शाळांत हेच. जपाननं ओकिनावा ताब्यात घेतल्यावर तिथल्या शाळांतही लाकडी पाटी आणि तेच नियम. पृथ्वीच्या दोन टोकांना तोच तुकडा, तीच युक्ती.

त्या मुलाच्या जागी स्वतःला बसवून बघा. मधली सुट्टी. गळ्यात दोरी, दोरीला लाकूड. ते उतरवायचा मार्ग एकच, आपल्या जवळच्या मित्राच्या तोंडून आईच्या भाषेतला एक शब्द निसटायची वाट बघायची. मित्र पडतो, गुडघा फुटतो, कळवळून तो जे ओरडतो ते अर्थातच आईच्या भाषेत. आणि याचे डोळे चमकतात. शिक्षा छडीची होती हे खरं, पण आपली भाषा ऐकली की आनंदाऐवजी दोष हाती लागतो, ही शिकवण छडीपेक्षा खोल गेली. मला या गोष्टीचा आजही संताप येतो.

अशा शाळांना पालकांचीही साथ असे. पोरानं इंग्रजी शिकावं, पुढे जावं म्हणून. मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण 'लोकांनी स्वखुशीनं भाषा सोडली' असं जे सहज म्हटलं जातं ते मला मान्य नाही. एकच दार उघडं ठेवायचं आणि मग म्हणायचं की सगळे आपणहून त्याच दारानं गेले, याला खुशी म्हणत नाहीत.

आणि हे फक्त परके करतात असं समजू नये. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर 1794 साली ग्रेग्वार या धर्मगुरूनं अहवाल मांडला. त्याच्या हिशेबानं नीट फ्रेंच बोलणारे देशात तीस लाखांहून जास्त नव्हते, आणि किमान साठ लाखांना ती येतच नव्हती. उपाय काय? बाकीच्या बोलींचा नायनाट. हा शब्द अहवालाच्या शीर्षकातच आहे. स्पेनच्या राजानं 1570 मध्ये मेक्सिकोत नाहुआत्ल या स्थानिक भाषेला मान्यता दिली होती, कारण धर्मप्रसाराला ती सोयीची. 1770 मध्ये दुसऱ्या राजानं स्थानिक भाषा संपवायचा हुकूम काढला. त्यानंतरही त्या जगल्या, आणि त्यांची मोठी पडझड झाली ती स्पेन गेल्यावर, स्वतंत्र देशाच्या शाळांमधून. साम्राज्य जातं, त्याचं दप्तर वारसदार उचलतात.

इतिहासाचं तर याहून अवघड. 12 जुलै 1562 रोजी मेक्सिकोतल्या युकातानमधल्या मानी गावी दिएगो दे लांदा या पाद्र्यानं माया लोकांच्या पोथ्या जाळल्या. आज जगात माया पोथ्या उरल्यात फक्त चार. आणि माया लिपीबद्दलची टिपणं कुणाची हाती लागली? याच लांदाची. त्याच टिपणांचा धागा धरून 1952 मध्ये क्नोरोझोव या रशियन अभ्यासकानं लिपी उलगडायची वाट काढली. काही लोक याला जेत्यांचं योगदान म्हणतात. माझ्या लेखी ज्यानं घर जाळलं त्याच्याच वहीत घराचा नकाशा शोधावा लागणं हे दुर्दैव आहे. उपयोग करावाच, पण त्या वहीसाठी आभार मानायला मी तयार नाही.

मग उलट वाटतं, की झटकून टाकावेत परक्यांचे सगळे शब्द. हाही प्रयोग झालाय. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारशी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले. मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, सरनौबताचा सेनापती. त्यामागची तळमळ मला फार मोलाची वाटते, कारण नजर नेमकी दप्तरावर होती. पेशव्याला मुख्य प्रधान म्हटलं गेलं, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. शब्द रुजला की तो कुणाच्या हुकमानं आला होता हे बोलणाऱ्याला आठवत नाही आणि आठवायची गरजही नसते. तुर्कस्ताननं 1928 मध्ये लिपी बदलली आणि पुढे अरबी-फारशी शब्द इतक्या झपाट्यानं काढले की अतातुर्कचं 1927 चं गाजलेलं भाषण पुढच्या पिढ्यांसाठी आजच्या तुर्कीत भाषांतर करून छापावं लागलं. आजोबांचं बोलणं नातवाला कळू नये, हे तर जेत्यानं केलं असतं तरी आपण अन्यायच म्हटलं असतं.

म्हणून परके शब्द मोजत बसणाऱ्यांशी माझं जमत नाही. 'फिर्याद' हा शब्द मराठीतून काढून मराठी वाचत नाही. पण फिर्याद मराठीत लिहिता येते का, निकाल मराठीत मिळतो का, विज्ञान तिच्यात शिकवलं जातं का, हे प्रश्न मला रात्री जागे ठेवतात. काम काढून घेतलं की शुद्ध भाषाही कोमेजते. कॉप्टिक ही प्राचीन इजिप्शियन भाषेची शेवटची लेक. अरबीपुढे तिचं दप्तर गेलं, मग हाटबाजार गेला, मग घर गेलं, उरली ती चर्चच्या प्रार्थनेत. शांपोल्यॉं या फ्रेंच अभ्यासकाला कॉप्टिक येत होती, म्हणून 1822 मध्ये त्याला प्राचीन इजिप्तची चित्रलिपी वाचता आली. फारोंचे शब्द त्या प्रार्थनांमध्ये टिकले होते. पण त्या भाषेत भांडणारं, अंगाईला झोपणारं मूल उरलं नव्हतं.

न्यूझीलंडच्या माओरींच्या बाबतीत तसं होत आलं होतं. शाळांनी दोन-तीन पिढ्या तोडल्या, भाषा आजी-आजोबांपाशी उरली. 1982 मध्ये त्यांनी 'कोहांगा रेओ' सुरू केली, म्हणजे भाषेची घरटी. शाळेत जायच्याही आधीच्या वयाची मुलं आजीच्या भोवती बसवायची, आणि तिथं माओरीशिवाय काही बोलायचं नाही. 1987 मध्ये माओरी देशाची अधिकृत भाषा झाली, पण घरटी त्याआधीची. मधल्या पिढीच्या आया, ज्यांना ही भाषा मिळालीच नव्हती, त्यांच्यातल्या कितीतरी जणी पोरांबरोबर शिकू लागल्या. आजी बोलते, नात उत्तर देते, आणि दोघींच्या मध्ये बसलेली आई आपल्याच लेकीकडून एकेक शब्द पुन्हा उचलते.