रेगमाल, ‘रेखामल’ आणि उलटे नंबर

‘नाशिककर असाल तर पुढे पाठवा’ असं शेपूट लावलेला मजकूर फिरत फिरत मावशीपर्यंत पोचला. तिचा प्रश्न: सागवानी दारांना पॉलिश करायचंय, शेवटचा हात ८० नंबरच्या रेगमालाचा, म्हणजे पॉलिशपेपरचाच ना?

मजकुरात तीन दावे आहेत. रेगमाल हा शब्द संस्कृत ‘रेखामल’वरून आला. तो कागद पहिल्यांदा नाशकातल्या तांबटांनी गोदावरीच्या वाळूपासून केला. आणि नंबर जेवढा मोठा तेवढा कागद खरखरीत, म्हणून सुरुवात मोठ्या नंबरने, शेवट ८०ने.

‘रेखामल’ हे घरबसल्या जुळवलेलं आहे. शब्द फारसी. रेग म्हणजे वाळू, रेगिस्तानातली तीच. ‘मालीदन’ म्हणजे चोळणं, मालिश त्यातलीच. रू म्हणजे चेहरा, तो पुसतो तो रुमाल. प्लॅट्सचा १८८४चा उर्दू कोश उघडा, रेगही सापडेल आणि रुमालही. आपल्याकडे तर दुकानात पॉलिशपेपरच मागतात.

गोदावरीचं काय सांगावं! नदीची वाळू वाहून वाहून गुळगुळीत होते, घासायला कणाला धार लागते. चीनमध्ये १३व्या शतकातच शिंपल्यांचा चुरा आणि वाळू चर्मपत्रावर डिंकाने चिकटवत. हल्लीच्या कागदावर बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइड असतं. अभिमानच हवा असेल तर इथे आहे: ॲल्युमिनियम ऑक्साइडचं खनिज म्हणजे कुरुंद, आणि इंग्रजीतलं ‘कोरंडम’ तमिळ ‘कुरुंदम्’वरून गेलंय. संस्कृत कुरुविंद त्याच गोतावळ्यातला.

खरं नुकसान नंबराच्या दाव्याने. नंबर मुळात चाळणीचा. इंचात भोकं जास्त, तर भोक बारीक आणि खाली पडणारा कणही बारीक. रव्याची चाळणी आणि मैद्याची चाळणी आठवा. आयएसओ ६३४४ या आंतरराष्ट्रीय मानकात पी८०चा, म्हणजे ८० नंबरचा, कण सुमारे ०.२ मिलिमीटर, पी२२०चा ०.०७च्या आत. एमरीच्या, म्हणजे धातू घासायच्या कागदाच्या, जुन्या मापात मात्र २ नंबर खरखरीत, १ त्याहून बारीक आणि झिरो आणखी बारीक असतो, हे मान्य. पण ते माप धातूच्या कामाचं, ते दारावर लावू नका.

सागाला ८० फक्त रंध्याचे वळ काढायला. मग १२०, १८०, २२०, प्रत्येक वेळी लाकडाच्या रेषेच्या दिशेने आणि धूळ पुसून. मधला नंबर गाळून ८०वरून थेट २२०वर गेलात, तर ८०चे ओरखडे तसेच राहतात. कोरडं असताना दिसत नाहीत, पॉलिश लागताच उठतात. २२० झाल्यावर ओलं फडकं फिरवा, वाळून तंतू उभे राहिले की तेच २२० हलक्या हाताने. सीलरच्या, म्हणजे पॉलिशआधी लाकडाची छिद्रं बुजवणाऱ्या थराच्या, दोन हातांमध्ये ३२०.

मावशी, ८०चा हात फिरवून झाला असेल तर १२०पासून पुन्हा सुरू कर. आणि दार अखंड सागाचं नसून प्लायवर विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, असेल, तर ८० हातातच घेऊ नकोस. विनिअर जेमतेम अर्धा मिलिमीटर असतं, कडेला दोन हात जास्त पडले की खालचं प्लाय उघडं.