ग्लोव्हज काढा, मर्द व्हा!

गेल्या रविवारी एका मुंजीच्या पंगतीत माझ्या भाच्याला ज्ञानप्राप्ती झाली. भाचा एकोणीस वर्षांचा, कॉलेजात बॉक्सिंग खेळतो. मागच्या महिन्यात सरावात डोक्याला मार बसला म्हणून डॉक्टरांनी त्याला सहा आठवडे घरी बसवलंय. शेजारच्या पाटावरच्या दूरच्या काकांनी वरणभात कालवता कालवता डाव्या हाताने मोबाइल काढला. पडद्यावर मिशाळ, उघडाबंब, मुठी वळलेला गडी. "हा बघ जॉन सुलिव्हन! 1889 साल. 75 राउंड, तेही उघड्या हातांनी! आणि तुम्ही हाताला उशा बांधून खेळता, वर म्हणता डोकं दुखतं."

भाचा काही बोलला नाही. पानातलं मीठ बोटाने इकडून तिकडे सरकवत राहिला.

असं ज्ञान घरोघर पोचावं या तळमळीने इच्छुकांसाठी थोडं मार्गदर्शन करतो.

सर्वप्रथम गुणाकार शिका. 75 फेऱ्या गुणिले 3 मिनिटं, म्हणजे पावणेचार तास. हा आकडा छाती फुगवून सांगायचा. रिचबर्ग, मिसिसिपी इथली ती लढत 2 तास 16 मिनिटांत संपली, हे मात्र सांगायचं नाही. उघड्या हातांच्या लढतींच्या तेव्हाच्या लंडन नियमांत फेरीला घड्याळच नव्हतं. कुणीतरी खाली पडला की फेरी संपली. मग अर्धा मिनिट विश्रांती, आणि पुढच्या 8 सेकंदांत मधल्या रेषेवर येऊन उभं राहायचं. विश्रांती वजा केली तर फेरीला सरासरी दीड मिनिटही येत नाही. सुलिव्हनचा प्रतिस्पर्धी जेक किलरेन तर श्वास घ्यायला मिळावा म्हणून जरासा धक्का लागला तरी खाली जात होता. त्यात काही चूक नव्हती. जुलैच्या उन्हात मीही तेच केलं असतं.

44 व्या फेरीत सुलिव्हनला उलटी झाली, हे जेवताना सांगू नये. काकांनी एवढं पथ्य पाळलं.

दुसरं, 'तेव्हा कसं सगळं खुल्लमखुल्ला होतं' असं म्हणा. ती लढत बेकायदा होती. पोलिसांनी अडवू नये म्हणून प्रेक्षकांना ठिकाण न सांगताच न्यू ऑर्लिन्समधून आगगाड्यांत भरून नेलं होतं. पुढे सुलिव्हनला एक वर्षाची शिक्षा झाली. ती वरच्या कोर्टात रद्द झाली, तोवर वकिलांनी आपापली पोटं भरली.

तिसरं, त्या काळच्या गड्यांचे दाखले देताना जॉन मॉरिसीला विसरू नका. मुष्टियोद्धा, जुगारअड्ड्यांचा मालक, आणि पुढे अमेरिकी काँग्रेसचा निवडून आलेला सदस्य. यावर मी काही बोलत नाही, तुम्ही समजून घ्या.

आता त्या उशांकडे येऊ. ग्लोव्हज नाजूक लोकांसाठी असतात, असं तुमचं मत आहे ना? मग उद्या सकाळी उठून उघड्या मुठीने भिंतीवर एक ठोसा मारून बघा. नको? बरं, नारळावर मारा. माणसाची कवटी टणक असते आणि हाताची हाडं काडीसारखी मोडतात. हे त्या काळच्या गड्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून ते डोक्यावर जपून मारत. बरगड्यांवर, पोटावर मारत, कंबरेला धरून आपटत. होय, उचलून आपटायला परवानगी होती. तुमच्या मर्दानी मुष्टियुद्धात निम्मी कुस्ती होती! ग्लोव्हज आले आणि हात वाचला. हात वाचला म्हणून डोक्यावर मनसोक्त मारता येऊ लागलं. ग्लोव्हज मारणाऱ्याचा हात सांभाळतात, खाणाऱ्याचा मेंदू नाही. म्हणजे ज्या उशांना तुम्ही हसता, त्यांच्यामुळेच पोराचं डोकं दुखतंय. पण एवढं कळायला फोटोच्या खालचं चार ओळींचं तरी वाचावं लागतं. एवढं कोण वाचतो? मिशा बघितल्या, झालं!

आणि तुम्हाला राउंडच मोजायचे आहेत ना? मग 75 वर का थांबलात? 119 घ्या. 13 सप्टेंबर 1842, न्यूयॉर्कजवळचं हेस्टिंग्ज. माणसं आगबोटींतून सहलीला निघाल्यासारखी गेली होती. ख्रिस्तोफर लिली विरुद्ध थॉमस मॅककॉय. मॅककॉय पडायचा, त्याचे साथीदार उचलून कोपऱ्यात न्यायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि परत रेषेवर उभा करायचे. पुन्हा पडायचा, पुन्हा उभा करायचे. दोन तास उलटून गेले तरी हेच. चेहरा सुजून डोळे मिटलेले, श्वासाबरोबर रक्त आत जातंय, आणि भोवतीच्या गर्दीला पैजेचे पैसे दिसतायत. 119 व्या फेरीनंतर तो मेला. विशीतला पोरगा होता. त्या लढतीच्या आयोजनात पुढे असलेल्या यँकी सुलिव्हनला (हा तुमच्या फोटोतला नव्हे, दुसराच सुलिव्हन) मनुष्यवधाबद्दल दोन वर्षांची शिक्षा झाली, मग माफीही मिळाली. 1849 साली तो स्वतःच 10,000 डॉलरच्या पैजेवर टॉम हायरशी लढायला उभा होता.

याचा फोटो नाही हो तुमच्या मोबाइलमध्ये?

काका, आता सरळच बोलतो. रिचबर्गला किलरेन 76 व्या फेरीला उभा राहिला नाही, कारण माइक डोनोव्हनने त्याच्या कोपऱ्यातून स्पंज फेकला, म्हणजे त्याच्या वतीने हार मान्य केली. हा डोनोव्हन स्वतः जुना मुष्टियोद्धा होता. आपला गडी आता मरेल, हे त्याला दिसत होतं. तुम्हाला 75 चा आकडा पाठ आहे, पण तो 75 वर का थांबला ते विचारावंसं वाटलं नाही. तुम्ही आयुष्यात कुणाचा ठोसा खाल्लेला नाही. परवा वाताचं इंजेक्शन घेताना दवाखाना डोक्यावर घेतलात, मी बाहेर बाकावरच होतो. आणि डॉक्टरांनी घरी बसवलेल्या पोराला भरल्या पंगतीत बायल्या म्हणायला निघालात? तो काल मला विचारत होता, "मामा, चार आठवड्यांतच सुरू केलं तर चालेल का?" तुमच्या त्या फोटोमुळे विचारत होता. त्याला आजच फोन करा, चुकलो म्हणा, आणि तो नाही म्हणाला तरी दोनदा म्हणा.