डिफ्यूझर स्वतःच काळवंडतो, मग विश्वास कशावर ठेवायचा?

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: महिनोन्‌महिने कॅलिब्रेट केलेला (ठाऊक असलेल्या प्रकाशाशी ताडून पाहिलेला) उपग्रहाचा सेन्सर कक्षेत गेल्यावर पुन्हा दुरुस्त करावा लागतो, म्हणजे आधीची मेहनत वाया गेली आणि नंतरची दुरुस्ती म्हणजे आकडे हवे तसे वळवणं. पहिलं मला पटत नाही. दुसरी शंका रास्त आहे, कारण या सेन्सरांवरच्या माझ्या लेखात मी डिफ्यूझरला, म्हणजे कक्षेत सेन्सरला सूर्यप्रकाश विखरून दाखवणाऱ्या पाटीला, सरळ 'प्रमाण' म्हटलं आणि तोही झिजतो हे सांगायचं राहून गेलं.

प्रयोगशाळेत इंटिग्रेटिंग स्फिअरसमोर (आतल्या दिव्यांनी एकसारखा उजळणारा पोकळ गोल) एकेक दिवा विझवत, ठाऊक असलेल्या प्रकाशाला किती काउंट, म्हणजे सेन्सरचे कच्चे आकडे, येतात ते मोजतात. थर्मल व्हॅक्यूम चेंबरमध्ये, म्हणजे हवा काढून टाकलेल्या कक्षात, तापमान बदलून तेच पुन्हा करतात. बँडचा (सेन्सर टिपतो त्या तरंगलांबींच्या पट्ट्याचा) वर्णपटीय प्रतिसाद, ध्रुवीकरणाचा परिणाम, भरकटलेला प्रकाश हे सगळं इतक्या बारकाईने नंतर मोजता येत नाही.

पण जमिनीवर जे घडतच नाही, ते तिथे दिसणार कसं? 28 ऑक्टोबर 2011 रोजी सुओमी एनपीपी उपग्रहावर गेलेल्या व्हिअर्स या सेन्सरच्या आरशांवर टंगस्टन ऑक्साइडचा अंश होता. अतिनील किरणांनी तो काळवंडला आणि जवळच्या अवरक्त (निअर इन्फ्रारेड) बँडांची संवेदनशीलता झपाट्याने उतरली.

आता डिफ्यूझर. स्पेक्ट्रॅलॉन या प्रकाश विखुरणाऱ्या पदार्थाची ही पांढरी पाटी उन्हात निळ्या टोकाला सर्वांत जास्त मंदावते. म्हणून मोडिस या उपग्रही सेन्सरमध्ये एक स्थिरता-मापक आहे. तो जाळीतून सूर्य पाहतो, मग पाटी पाहतो आणि दोन्हींचं गुणोत्तर काढतो. दोन्ही वाचनं त्याच डिटेक्टरची, त्यामुळे डिटेक्टरची स्वतःची झीज गुणोत्तरात उरत नाही. 2003 साली टेरा उपग्रहावरच्या मोडिसच्या पाटीसमोरची झडप उघडीच ठेवावी लागली, तेव्हा पाटीची झीज वाढली आणि ती या मापकानेच टिपली. लँडसॅट 8 वर तर दोन पाट्या आहेत: एक नेहमीच्या वापराची, दुसरी क्वचितच उन्हात येणारी, पहिलीला पडताळायला.

तिसरा साक्षीदार चंद्र. त्याला वातावरण नाही आणि पृष्ठभाग जवळजवळ बदलत नाही. मात्र कला थोडी बदलली तरी तेज बरंच बदलतं, म्हणून सीविफ्स हा समुद्राचा रंग मोजणारा सेन्सर दर महिन्याला साधारण 7 अंशांच्या कलाकोनालाच तो पाहत असे. चंद्राचं निरपेक्ष तेज काही टक्क्यांच्या अनिश्चिततेनेच ठाऊक आहे. सेन्सर किती घसरला हे तो उत्तम सांगतो, मूळ मोजपट्टी देत नाही. ती पट्टी उड्डाणापूर्वीच्या मोजणीतूनच येते, म्हणूनच ती मेहनत वाया जात नाही.

आकडे वळवण्याबद्दल: दुरुस्ती कच्च्या काउंटवर होत नाही, ते जसेच्या तसे जपले जातात. बदलतात ते काउंटवरून प्रकाश काढायचे तारीखवार गुणांक. पाटी आणि चंद्र यांचे कल जुळले नाहीत, तर कारण शोधून सुरुवातीपासूनचा सगळा डेटा नव्या गुणांकांनी पुन्हा काढला जातो.